स्विमिंग पूलचं पाणी पांढरं-गढूळ काहून होते? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचा पूल यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे, रोडच्या कडेच्या वावरात. मोठा नाही, ३० बाय १५ फूट, कुठं तीन फूट कुठं पाच, सरासरी चार धरा, म्हणजे ५१ हजार लिटरच्या आसपास पाणी. मार्च लागला की फोन सुरू होतात, कोणाचा लग्नाच्या लॉनमागचा पूल, कोणाचं कृषी पर्यटन, कोणी नुस्ता पोट्ट्यांसाठी बांधलेला, अन प्रश्न सगळ्यांचा एकच की भाऊ पाणी गढूळ झालं, काय टाकू. मीही पहिल्या सीझनला हेच विचारत फिरत होतो अन जो जे सांगेल ते टाकत होतो, त्यात बरेच पैसे पाण्यात गेले, खरोखरच्या पाण्यात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. खालचे सगळे आकडे ५० हजार लिटर धरून आहेत, तुमचा पूल लहान-मोठा असेल तर त्या हिशोबानं कमी-जास्त करा (लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं फुटात, त्याला २८.३ नं गुणलं की लिटर निघतात).

पाणी दुधासारखं पांढरं दिसून राह्यलं, नेमकं कशानं?

पाण्यात काहीतरी बारीक तरंगून राह्यलं अन फिल्टर ते पकडत नाही, एवढंच. ते बारीक काय आहे हे शोधणं हेच खरं काम. एक तर चुना असतो, म्हणजे जड पाण्यातला क्षार. दुसरं म्हणजे धूळ-माती, अंगाचं तेल, घाम, साबण. तिसरं शेवाळ, जे हिरवं दिसायच्या एक-दोन दिवस आधी पाणी नुस्तं मंद, धुरकट करते. माझा अनुभव असा की आपल्या भागात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या पूलमध्ये बहुतेक वेळा चुनाच असतो, पण लोक घाण समजून टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकत राहतात अन मग अजूनच बिघडते.

मग कोणतं आहे ते ओळखायचं कसं, मशीन लागते का?

काही लागत नाही. दोन काचेचे ग्लास घ्या, पूलच्या मधून, वरून नाही, हातभर खोलातून पाणी भरा. एका ग्लासात चिमूटभर लिंबूसत्व टाका, किराण्यात मिळते ते, अन हलवा. दोन-चार मिनिटात पाणी निवळ झालं तर चुना आहे, कारण चुन्याचा क्षार आंबट पाण्यात विरघळतो. नाही निवळलं तर दुसरा ग्लास रात्रभर तसाच ठेवा, सकाळी बुडाला गाळ बसलेला दिसला तर माती. आणि पांढऱ्या सुती कपड्यातून एक बादली पाणी गाळून पहा, कपड्यावर हिरवट झाक आली तर शेवाळ सुरू झालं समजा.

ही टेस्ट करायच्या आधी पूलमध्ये काहीही टाकू नका. खरंच काहीही. दुकानदाराला पाच प्रकारच्या बाटल्या विकायच्या असतात, त्यात त्याची चूक नाही, पण तुम्ही ग्लास घेऊन गेलात तर एकच बाटली घेऊन याल.

बोअरचं पाणी काचेसारखं निघते, मंग पूलमध्ये पडलं की पांढरं काहून होते?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण मीही यातच फसलो होतो. आपल्या खाली काळा बेसाल्ट खडक, त्यातून पाणी मुरत येते तेव्हा कॅल्शियम घेऊन येते. जमिनीत पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो, त्याच्या जोरावर हे कॅल्शियम विरघळून राहते म्हणून पाणी निवळ दिसते. बाहेर आलं, हवा लागली, वायू उडून गेला, पाण्याचा पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, जितका वर तितकं कमी आंबट) वर चढला, की तेच कॅल्शियम बारीक पांढऱ्या कणांच्या रूपात बाहेर पडते. त्यात हा क्षार साखरेच्या उलट वागतो, पाणी जितकं गरम तितका कमी विरघळतो. घरी हीटरच्या रॉडवर किंवा पाणी तापवायच्या गंजाला (पातेल्याला) आतून जो पांढरा थर बसतो तो हाच. मे महिन्यात ४५ डिग्रीत आपला पूल म्हणजे एक मोठा गंजच झाला.

हे कण इतके बारीक असतात की रेतीचा फिल्टर त्यातले बरेचसे सोडून देतो. रेती साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पकडते, त्याहून बारीक ते आरपार. म्हणून फिल्टर चोवीस तास चालवला तरी पाणी पांढरं ते पांढरंच.

टीसीएल टाकलं तरी गढूळच, अजून टाकू का?

नका टाकू बाप्पा. टीसीएल म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच ब्लिचिंग पावडर, चुन्यावर क्लोरीन वायू सोडून बनवतात. ताज्या पावडरीत ३०-३५ टक्के क्लोरीन असते, बाकी मोठा भाग चुनाच. म्हणजे आधीच चुन्यानं गढूळ झालेल्या पाण्यात तुम्ही अजून चुना टाकून राह्यले, वरून ती पीएच चढवते, त्यामुळं पाण्यातला होता तो क्षारही बाहेर पडतो. संध्याकाळी टाकलं अन सकाळी पाणी ताकासारखं झालं अशी तक्रार असते ती इथूनच येते.

टाकायचीच असेल तर थेट पाण्यात भुरभुरू नका. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घ्या, त्यात पावडर सोडा (पाण्यात पावडर, पावडरीवर पाणी नाही), ढवळा, तासभर ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं पूलमध्ये, खालचा चोथा बाहेर. १ पीपीएम (लिटरमागं एक मिलिग्रॅम) क्लोरीन चढवायला ५० हजार लिटरला ताजी पावडर १५० ग्रॅम लागते. आता ताजी हा शब्द महत्त्वाचा आहे, टिनाच्या शेडमध्ये उन्हाळाभर उघडं पडलेलं पोतं असेल तर त्यातलं क्लोरीन बरंचसं उडून गेलेलं असते अन उरतो तो पुन्हा चुना.

टीसीएल नाही तं काय वापरायचं?

जड पाण्याला माझ्या मते लिक्विड क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट, १०-१२ टक्केवालं) बरं, त्यात चुना नाही. पण उन्हात लवकर कमजोर होते, म्हणून एका आठवड्याचंच आणायचं अन सावलीत ठेवायचं. दुसरं म्हणजे टीसीसीए, म्हणजे क्लोरीनच्या ९० टक्केवाल्या गोळ्या किंवा दाणे. हे आम्लधर्मी आहे, पीएच खाली आणते, जड पाण्याला एका अर्थानं सूट होते. त्यात सायन्युरिक अ‍ॅसिड येते, ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते, नाहीतर आपल्या दुपारच्या उन्हात साधं क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक संपून जाते. सायन्युरिक ३० ते ५० पीपीएम असावं. मात्र ते स्वतः कधी उडत नाही, जमा होत जाते. हिशोब केला तर एक किलो टीसीसीएनं ५० हजार लिटरमध्ये साधारण ११ पीपीएम चढते, म्हणजे दहा किलो टाकेपर्यंत शंभरच्या वर. तिथून पुढं क्लोरीन मोजलं तर दिसते पण काम करत नाही, शेवाळ येते अन माणूस डोकं धरून बसतो. उपाय एकच, थोडं पाणी काढून नवीन भरणे. म्हणून मी सीझनच्या सुरुवातीला टीसीसीए अन मग लिक्विडवर येतो.

टीसीएल अन टीसीसीए एकाच डब्यात चालते का? नाव तं सारखंच आहे.

अजिबात नाही. नाव सारखं आहे म्हणूनच हा प्रश्न वेगळा लिहिला. दोन्ही एकत्र आले, त्यात थोडी ओल लागली, तर पेट घेते, स्फोटही होऊ शकतो. डबा वेगळा, माप वेगळं, बादली वेगळी, शक्यतो खोलीही वेगळी. तसंच अ‍ॅसिड अन कोणतंही क्लोरीन एकत्र झालं की विषारी क्लोरीन वायू निघतो. कामावरच्या माणसाला वाचता येत नसेल तर डब्यांना वेगवेगळे रंग लावा, आम्ही लाल अन निळा ऑइल पेंट मारला आहे.

पीएच किती पाहिजे अन खाली कसा आणायचा?

७.२ ते ७.८. ७.८ च्या वर गेलं की दोन नुकसान, क्षार बाहेर पडून पाणी पांढरं होते, अन क्लोरीनची ताकद घसरते, म्हणजे तेवढंच क्लोरीन असून जंतू मरत नाहीत. लिंबूसत्वाच्या टेस्टमध्ये चुना निघाला तर उपाय हाच, पीएच ७.२ ते ७.४ वर आणा, बहुतेक पांढरेपणा एक-दोन दिवसात विरघळून जातो.

आणायचा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं, ३० टक्क्यांच्या आसपासचं मिळते, किंवा ड्राय अ‍ॅसिडनं (पावडरवालं), जे हाताळायला सोपं पण महाग. एकदम किती लागेल ते पाण्याच्या अल्कलिनिटीवर (अ‍ॅसिड पचवून पीएच जागेवर धरायची पाण्याची ताकद) असते, आपलं बोअरचं पाणी हट्टी असते, अर्धा लिटर टाकलं तर काटा हलतही नाही कधी कधी. तरी सुरुवात अर्ध्या लिटरनंच करा. बादलीभर पाण्यात अ‍ॅसिड ओता, उलटं नाही, पंप चालू ठेवून खोल बाजूला हळूहळू सोडा, चार तास पाणी फिरू द्या, मग मोजा, मग पुन्हा. पूलमध्ये कोणी नसताना. चष्मा अन रबरी हातमोजे घालून. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएमच्या मधात आली की पीएच जागेवर राहतो, रोज रोज चढत नाही.

फिल्टर तं चालू आहे, तरी पाणी साफ होत नाही?

आधी व्हॉल्व्हचं हँडल पहा. हसू नका. आमच्याकडे भाच्यानं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टरची रेती धुणं) केला अन हँडल रीसर्क्युलेटवर ठेवून दिलं, पंप तीन दिवस गुरगुरत होता, पाणी फिरत होतं पण रेतीतून जातच नव्हतं, अन मी इकडं औषधं टाकून राह्यलो. हँडल फिल्टरवर असलं पाहिजे, अन फिरवताना पंप बंद, नाहीतर आतली गॅस्केट जाते.

दुसरं, पंप किती तास चालतो? समजा पंप तासाला १० हजार लिटर ओढतो, तर ५० हजार लिटरला पाच तास झाले की लोकांना वाटते सगळं पाणी गाळून झालं. तसं होत नाही, कारण गाळलेलं पाणी पुन्हा त्याच पाण्यात मिसळते. पाच तासांनी साधारण ६३ टक्केच पाणी फिल्टरमधून गेलेलं असते, ३७ टक्के तसंच. दहा तासांनी ८६ टक्के. आता आपल्याकडं लाईटची गत तुम्हाला माहीतच आहे, गाव फीडरवर कधी जाते कधी येते, शेतीच्या थ्री फेजला तर तासच ठरलेले. (अन शेतीच्या कनेक्शनवर पूल चालवू नका, कमर्शियल मीटर लागते, पकडलं तर दंड.) पूल लोकांसाठी असेल तर चार ते सहा तासांत एक फेरी होईल असा पंप पाहिजे अन उन्हाळ्यात किमान दहा-बारा तास चालवा, त्यात पोहणारे असताना तर बंद नकोच.

अन पाणी सोडायचे नोझल पहा कुठं तोंड करून आहेत. एकाच दिशेनं गोल फिरतील असे नसतील तर एका कोपऱ्यात पाणी मेलेलं राहते, गढूळपणा तिथूनच सुरू होतो.

बॅकवॉश कधी करायचा?

साफ फिल्टरचं प्रेशर लिहून ठेवा, त्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेलं की. रोज करू नका, थोडी मळलेली रेती जास्त बारीक पकडते. दोन-तीन मिनिटं, काचेत पाणी साफ दिसेपर्यंत, अन त्यानंतर अर्धा मिनिट रिन्स. रिन्स विसरलं तर फिल्टर सुरू केल्याबरोबर नोझलमधून मळकट ढग निघतो.

रेती किती वर्षं चालते? नाल्यातली टाकली तं?

नाल्यातली नाही, तिच्यात माती अन सगळ्या साइजचे दाणे. सिलिका सँड लागते, अर्धा मिलिमीटरच्या आसपास एकसारखी. पाच-सात वर्षं चालते म्हणतात पण आपल्या जड पाण्यात चुन्यानं रेतीचे गोळे होतात, पाणी मधल्या भेगांतून सरळ निघून जाते अन गाळलंच जात नाही. दरवर्षी सीझनआधी झाकण उघडून हात घालून पहा. ढेकळं लागली तर बदला. पूलच्या बुडाला रेती दिसली तर फिल्टरच्या आतली नळी फुटली.

रविवारी गर्दी झाली की सोमवारी पाणी गढूळ, अन क्लोरीनचा वास, डोळे झोंबतात. क्लोरीन जास्त झालं का?

उलटं आहे, कमी पडलं. घाम अन लघवी (हो, पोट्टे करतात, मोठेही करतात) यातला नायट्रोजन क्लोरीनला चिकटतो, त्याचं क्लोरामाइन होते, वास अन झोंबणं त्याचं. चांगल्या पूलला वास जवळपास येतच नाही. अशा वेळी रात्री जोराचा डोस द्यावा लागतो, बांधल्या गेलेल्या क्लोरीनच्या दहापट, म्हणजे फ्री (मोकळं, कामाचं) अन टोटल (मोकळं अधिक बांधलेलं) क्लोरीनमधला फरक ०.५ असेल तर ५ पीपीएम. सकाळी मोजून फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएमच्या मधात आलं की मगच लोकांना सोडा.

पण खरा उपाय गेटवर आहे. डोक्याला चोपडलेलं खोबरेल तेल, अंगाला हळदीचा लेप तसाच घेऊन नवरदेवाचे दोस्त उडी मारतात, लग्नाच्या सीझनमध्ये आमच्या पाण्यावर पिवळा तवंग मी पाहिला आहे. शॉवर घेतल्याशिवाय आत नाही, एवढा एक नियम कडक केला अन औषधाचा खर्च निम्म्यावर आला. भांडणं होतात, होऊ द्या.

वादळ येऊन गेलं, सगळी धूळ पूलमध्ये. तुरटी चालते का?

चालते, माठात फिरवतो तसंच तत्त्व. आपल्या काळ्या मातीचे कण फार बारीक, सगळ्यांवर ऋण भार असतो म्हणून एकमेकांना ढकलतात अन आठवडाभर खाली बसत नाहीत. तुरटी तो भार मोडते, कण चिकटून गोळे होतात अन जडपणानं बसतात. एक ते दोन किलो, बादलीत पूर्ण विरघळवून, सगळीकडे शिंपडून, पंप तासभर रीसर्क्युलेटवर, मग पंप बंद अन रात्रभर पाण्याला कोणी हात लावायचा नाही. सकाळी बुडाला मऊ गादी बसलेली दिसते. ती व्हॅक्यूमनं हळूहळू ओढायची अन व्हॉल्व्ह वेस्टवर, म्हणजे सरळ बाहेर, फिल्टरमधून गेली तर रेती चिकट होऊन बसते. पीएच ८ च्या वर असताना तुरटी टाकू नका, नीट गोळे होत नाहीत, विरघळलेली राहते अन नंतर पुन्हा पांढरं करते.

हिरवं झालं. संत्र्याच्या झाडाला मारतो तो मोरचूद टाकू का?

वरुड-मोर्शीकडून हा प्रश्न हमखास. मोरचूद (कॉपर सल्फेट) शेवाळ मारते हे खरं, पण तुम्ही फवारणीचं बोर्डो बनवता तेव्हा मोरचुदात चुना टाकला की निळा साका होतो नं? पूलमध्ये पाणी जड असलं की तेच होते, निळसर-पांढरा ढग. वरून भिंतींना डाग अन पोरींच्या केसांना हिरवट रंग. शेवाळाला क्लोरीनच पाहिजे: पीएच ७.२ वर, सूर्य मावळल्यावर १० पीपीएमचा डोस, भिंती ब्रशनं घासून, अन पंप रात्रभर. मेलेलं शेवाळ राखाडी-पांढरं दिसते, त्याला घाबरू नका, दोन-तीन दिवस फिल्टर अन बॅकवॉशनं निघते. शेजारच्या वावरातलं डीएपीचं पाणी पावसात पूलमध्ये येत असेल तर शेवाळाला खत मिळते, त्यासाठी बाजूनं नाली काढा.

अन फवारणीचा ड्रम, पंप, मगा पूलच्या कामाला कधीच नको.

क्लोरीन टाकल्याबरोबर पाणी तांबूस झालं?

पाण्यात लोखंड आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या हँडपंपाखाली दगड लाल झालेले पाहिले असतील, तेच. क्लोरीननं ते गंजाच्या कणांत बदलते. फिल्टरनं निघते, नाहीतर तुरटी.

लोणारसारखं गुलाबी होऊ शकते का?

लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं, तिथला पीएच १० च्या आसपास. तुमच्या पूलचा पीएच तिथवर गेला तर गुलाबीच्या आधी लोकांचे डोळे लाल होतील.

सगळं पाणी काढून नवीनच भरलं तं?

५० हजार लिटर म्हणजे पाच हजारवाले दहा टँकर. मे महिन्यात गावात बायका पाण्याचे गुंड-हंडे घेऊन उभ्या असताना दहा टँकर पाणी नालीत सोडणं मला तरी जमत नाही. अन बोअरचं नवीन पाणी भरलं तर नवीन चुना आलाच. अकोला-दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात असाल तर विचारूच नका. सायन्युरिक शंभरच्या वर गेलं असेल तेव्हाच काढा, तेही तिसरा हिस्सा.

थोडंसं गढूळ आहे, गिऱ्हाईक उभं आहे, सोडू का?

काठावर उभं राहून खोल बाजूच्या बुडाची जाळी स्पष्ट दिसते का? नाही दिसली तर पूल बंद, मग बाहेर कोणाचाही पोरगा उभा असो. गढूळ पाण्यात लेकरू बुडालं तर चार फुटावरून दिसत नाही, अन बुडणारा ओरडत नाही. शिवाय क्लोरीन कमी असलेल्या कोमट पाण्यात मेंदूवर हल्ला करणारा अमीबा वाढू शकतो, नाकातून पाणी वर गेलं की शिरतो. केरळात २०२४ अन २०२५ मध्ये या आजाराचे रुग्ण सापडले होते, आजार क्वचित होतो पण वाचणारे फार थोडे.

टेस्ट किट कोणतं घ्यावं?

पिवळा रंग येणारं स्वस्त किट टोटल क्लोरीन दाखवते, त्यात वापरून संपलेलंही मोजलं जाते. गुलाबी रंगवालं, डीपीडी म्हणून मागा, ते फ्री दाखवते. क्लोरीन खूप असताना पीएचचा रंग खोटा येतो, म्हणून मोठा डोस दिल्यावर दुसऱ्या दिवशी पीएच मोजा.

बॅकवॉशचं पाणी वावरात सोडलं तं चालते का?

ताजं नाही. आम्ही एक खड्डा केला आहे, त्यात दोन-तीन दिवस उन्हात राहू देतो, सायन्युरिक असेल तर अजून जास्त दिवस, किटनं क्लोरीन शून्य आलं की बांधावरच्या निंबाला अन बाभळीला देतो. भाजीपाल्याला नाही, शेततळ्यात मासे असतील तर तिकडं वळवायचं नाही, अन विहिरीजवळ खड्डा घ्यायचा नाही. तुरटीचा गाळ वेगळा वाळवून काढतो, तो पांढरा चोथा मागच्या साली एका म्हशीनं चाटला होता, तिला काही झालं नाही पण खड्ड्याला काटे लावले.